पश्चिमेची भिंत

सोनबा मार्गासनीला कोळसा आणायला गेला आणि त्याची पाठ वळताच त्याच्या धाकट्या भावानं, रामभाऊनं, लोहारसाळीच्या पश्चिमेच्या भिंतीत पहार घातली.

भामाबाई तेव्हा विहिरीवर होती. दणके तिनं ऐकले, पण लोहाराच्या घरातल्या बाईला दणक्यांचं काय नवल! हंडा कमरेवर घेऊन ती परत आली, साळीच्या ठेंगण्या दारात सवयीनं वाकली आणि वाकल्या ठिकाणीच थांबली. आत उजेड होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं साळीत विस्तव पाहिला होता, धूर पाहिला होता, पण असा आडदांड उजेड कधी पाहिला नव्हता. भिंतीला गाडीचं चाक जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यात तिचा धाकटा दीर अर्धा आत, अर्धा बाहेर, मातीनं माखून हसत उभा होता.

"घाबरला व्हय वैनी? खिडकी हाय. चौकट आनलीय पुण्यास्नं."

"भावजी, ह्ये काय केलंत?"

"आज्याच्या काळोखात किती दिस बसायचं? आमच्या कारखान्यात छपराला काचा हायेत काचा. सुई पडली तरी दिसती."

"हितं सुई कोन घेऊन बसलंय?" भामाबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची फिरकी नव्हती. तिची धास्ती भिंतीसाठी नव्हती.

ही साळ चिमाजीनं, म्हणजे या भावांच्या आज्यानं, स्वतः दगड वाहून बांधलेली. भोरच्या संस्थानात त्याच्या हातच्या कुलपांचं नाव होतं. त्यानं ही साळ बांधली ती माणसासाठी नव्हे, लोखंडासाठी. दार एकच, तेही उत्तरेला, म्हणजे सूर्य कुठूनही वळला तरी भट्टीवर ऊन यायचं नाही. वळचण इतकी खाली की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. धुराला जायला आढ्याखाली फट, आणि वर नळीची कौलं. भट्टी, ऐरण आणि पाण्याची दगडी डोणी अशी मांडलेली की लोहारानं बसल्या जागी नुसतं अंग वळवावं आणि तिन्ही हाताशी यावीत. नव्या माणसाला आत आल्यावर काही दिसत नसे. पण डोळे सरावले की तापल्या लोखंडाचा रंग असा उमलून दिसे की चुकायची सोयच नाही. कारण लोहाराचं सगळं शास्त्र त्या रंगात. धारेला पाणी द्यायचं ते लोखंड पळसाच्या फुलाच्या रंगावर आलं की. त्याआधी दिलं तर धार वाकते, नंतर दिलं तर तडकते. आणि हा रंग उजेडात दिसत नाही, काळोखातच दिसतो.

तेवढ्यासाठी चिमाजीनं काळोख बांधला होता. पण गेल्या दोन उन्हाळ्यांपासून तो काळोख आणखी एका कामाला येत होता, आणि ते भामाबाईला ठाऊक होतं.

सोनबाचे डोळे गेले होते. पुरते नव्हे. माणूस ओळखे, वाट चाले, पण ओळखे ते आवाजावरून आणि चाले ते सवयीनं. जन्मभर विस्तवाकडे बघून बुबुळावर साय धरली होती. एकदा त्यानं कच्च्या रंगावर फाळ बाहेर काढला, तो भात्याशी बसलेल्या भामाबाईनं पाहिला. दुसऱ्या वेळी रंग नेमका आला तेव्हा तिनं दोरी ओढायची थांबवली. भात्याचा श्वास थांबला आणि सोनबानं सांडशी उचलली. त्या दिवसापासून हे असंच चाललं. भाता थांबला की रंग आला. दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. दीर-भावजयीनं काय बोलावं? ती थांबे, तो उचले, आणि वाडीतले लोक म्हणत, सोनबाच्या हाताला तोड नाही.

यात भामाबाईचंही होतं. खोटं कशाला बोला. तिचा नवरा गेनू या घरचा थोरला. पायात खिळा घुसून धनुर्वातानं गेला तेव्हा तिच्या पदरात मूल नव्हतं. भोरचा भाऊ न्यायला आला होता. ती गेली नाही, भात्याशी जाऊन बसली. दोरी हातात आहे तोवर आपली भाकरी कमावलेली आहे, कुणी टाकलेली नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. आणि सोनबाचे डोळे गेल्यापासून तर तिच्याशिवाय साळीचं पान हलत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर या विचारानं तिला बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाजही वाटे.

आता रामभाऊनं भिंत फोडली होती, आणि भगदाडाखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं होतं.

"त्ये काय?" तिनं विचारलं.

"पंखा. हातानं फिरवायचा. भाता काढायचा आता. तुमच्या खांद्याला किती तरास त्यो!" रामभाऊ प्रेमानंच म्हणाला. ते प्रेमानं होतं हेच वाईट होतं.

दारात धाकटी जाऊ, सोनबाची बायको रतन, चहाची किटली घेऊन उभी होती. भामाबाईनं तिच्याकडे पाहिलं. एवढी भिंत पडलेली, पण रतनच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं. तिनं किटली खाली ठेवली आणि नजर चुकवून निघून गेली.

सोनबा आला तो दुपार कलताना. बरोबर नसरापूरच्या लाकडाच्या वखारीचे लियाकतभाई, त्यांच्याच गाडीत कोळशाच्या गोण्या. साळीच्या अंगणात शेवरीच्या सावलीला रखमाजीमामा बाजेवर बसलेले. भामाबाईच्या सासूचे, अक्काबाईचे, हे धाकटे भाऊ, भोरहून सकाळच्या एसटीनं आले होते. आले होते म्हणजे रामभाऊनं आणले होते. घरातलं काही मोडायचं-जोडायचं असलं की मामा लागतात, हे कारखान्यात जाऊनही तो विसरला नव्हता.

सोनबा दारात वाकला, आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"भिताड कुनी फोडलं?"

"म्या," रामभाऊ म्हणाला.

"कुनाला इचारून?"

"तुला इचारलं असतं तर तू व्हय म्हनला असतास?"

"तुला साळीतलं काय कळतं रं? तू बटनं दाबनारा मानूस!"

"बटनं दाबतो म्हनून डोळं शाबूत हायेत माजं. तू आरशात बघ एकदा. धुरानं खोकतोस, कानस मारताना नाक लोखंडाला लावतोस. उजेड नगं?"

"काळोख हाय म्हनून रंग दिसतो! आज्याला कळत नव्हतं व्हय?" सोनबा जोरात बोलला, आणि बोलणं अगदी खरं होतं. भामाबाईला मात्र ते ऐकवेना. खऱ्या गोष्टीचा आडोसा करून माणूस तिच्यामागं लपला की ती खोटीच होते.

दाराशी अक्काबाई काठी टेकून बसली होती. ती म्हणाली, "सोनबा, खाली बस. पावन्यासमोर कशाला? लियाकत, तू चा घे बाबा."

लियाकतभाई अवघडले. या घराशी त्यांच्या वडिलांपासूनचा संबंध. ते म्हणाले, "आक्का, म्या कुऱ्हाडींसाठी आलतो. पर आता बोलावं का न्हाई..." मग त्यांनी पिशवीतून दोन कुऱ्हाडी काढून बाजेवर ठेवल्या. दोन्हींची धार कोपऱ्यात तडकून गेली होती. "मागच्या खेपेच्या हायेत. सोनबाभाऊ, तक्रार न्हाई हां. पर ह्या घरची कुऱ्हाड कदी तुटली न्हाई, म्हनून दाखवाया आनल्या."

सोनबानं एक कुऱ्हाड उचलली आणि तुटल्या धारेवरून अंगठा फिरवला. बघितलं नाही, फिरवला. "पोलाद हलकं निघालं," तो म्हणाला.

"आसंल, आसंल," लियाकतभाई घाईनं म्हणाले.

मागची खेप. भामाबाईच्या मनात लख्ख झालं. मागच्या खेपेला ती भोरला भाचीच्या लग्नाला गेली होती. भात्याशी रतन बसली होती. तिनं मान वर केली तर रतन तिच्याकडेच पाहत होती. आता तिनं नजर चुकवली नाही. हिला कळलंय, भामाबाईच्या मनात आलं. हिला सगळं कळलंय, आणि ही मला दाखवतेय की कळलंय.

रखमाजीमामांनी खाकरून घसा साफ केला. "हे बघा, म्या हिशोबी मानूस. दोघंबी बरोबर बोलताय आसं वाटतंय. मंग करून बघा की."

रामभाऊनं संधी सोडली नाही. "दादा, ह्याच पंख्यावर, ह्याच उजेडात एक कुऱ्हाड काढ. लियाकतभाईंची एक अर्धी राहिलीच हाय. मामा बघतील. जमलं तर भगदाडाला चौकट बसवू. न्हाई जमलं तर म्या माज्या हातानं भिंत लिपून देतो अन् परत हा इषय काढत न्हाई."

नको म्हणायला सोनबाजवळ एकच कारण होतं आणि ते सांगता येत नव्हतं. गिऱ्हाईक समोर, मामा समोर, आई समोर. लोहाराला ऐरणीवर बोलावलं आणि तो उठला नाही, असं या घरात झालेलं नव्हतं.

"पेटव भट्टी," तो म्हणाला.

भामाबाई आपली सवयीनं भात्याकडे निघाली. रामभाऊनं तिला हातानं अडवलं. "तुमी बसा वैनी. म्या फिरवतो."

ती आयुष्यात पहिल्यांदा साळीत पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले, पदराखाली घेतले, पुन्हा मांडीवर ठेवले.

पंखा छान होता, हे कबूल करायला हवं. घर्रर्र आवाज करत सारखा वारा देत होता, भात्यासारखी त्याला धाप नव्हती. कोळसे पाहता पाहता फुलले. पण उन्हानं आता पश्चिमेकडून भगदाड गाठलं होतं आणि उन्हाचा जाडजूड पट्टा थेट भट्टीवर पडला होता. विस्तव त्यात फिका, आजारी दिसत होता. चिमाजीनं भिंत का घातली हे साळीत बसलेल्या प्रत्येकाला तेव्हा समजलं असतं, पण प्रत्येकजण सोनबाच्या हातांकडे बघत होता.

पहिला ताव चांगला गेला. लोखंड किती मऊ आहे ते हातोड्याखाली कळतं, आणि त्याचा आवाजही सांगतो. सोनबानं धार ओढून पातळ केली, कडा सरळ केल्या. लियाकतभाईंनी मान डोलावली. रामभाऊ घामाघूम होऊन हसला. "बघ! जमतंय का न्हाई?"

मग कुऱ्हाड पुन्हा विस्तवात गेली. आता धारेला पाणी द्यायचं.

पंखा घरघरत राहिला. सोनबा मान तिरकी करून बसला होता. परक्याला वाटावं, विस्तव निरखतोय. भामाबाईला माहीत होतं की तो ऐकतोय. भाता थांबायची वाट बघतोय. पण आज थांबणारं काही नव्हतंच. पंखा फिरवणाऱ्याला वाटत होतं, दादा सांगेल तेव्हा थांबू. आणि दादाला कुणी सांगायचं?

सोनबानं सांडशीनं कुऱ्हाड उचलली, चेहऱ्यापाशी नेली आणि परत विस्तवात घातली. थोड्या वेळानं पुन्हा उचलली. उन्हाकडे वळवली. पुन्हा घातली. मामा पुढं सरकून बसले. लियाकतभाईंनी मान खाली घातली. रतन दाराची चौकट धरून उभी होती.

भामाबाईच्या ओठावर शब्द आला होता. बोलावं, तर याची अब्रू साऱ्यांसमोर जाते. न बोलावं, तर लोखंड जळतं आणि अब्रू तशीही जाते. आणि बोलायचं तरी काय? उन्हाच्या त्या पट्ट्यात तिलाही रंग नीट दिसत नव्हता. लोखंड नुसतं राखाडी-तांबूस, मेल्यासारखं दिसत होतं.

सोनबानं सांडशी हातातच ठेवली आणि मान वळवली. भिंतीकडे, जिथं ती बसली होती तिकडे.

"वैनी," तो म्हणाला, "रंग सांगा."

रामभाऊचा हात थांबला.

"दिसत न्हाई, भावजी," भामाबाई म्हणाली. "उनात मलाबी दिसत न्हाई."

"रंग सांगा म्हंजी?" रामभाऊ उभा राहिला. "दादा? तुला... तुला दिसत न्हाई?"

"न्हाई दिसत," दारातून रतन म्हणाली. "दोन वर्सं न्हाई दिसत. ताटातली भाजी हातानं चाचपत्यात. मला म्हनत्यात, दिवा बारीक हाय. म्या भात्याला बसले तवा त्ये मान तिरकी करून बसले, अन् म्या येडी ओढतच ऱ्हायले. तवा कळलं आज्याच्या ह्या काळोखात काय चाललंय ते. म्हनून म्याच सांगितलं भावजींना, उजेड करा. त्येंच्या तोंडून निघत न्हाई, जाऊबाईंच्या निघत न्हाई, मंग निदान भिताडातनं तरी निघू द्या!"

"आवं, मला का न्हाई सांगितलंत सरळ?" रामभाऊ ओरडला. "म्या आपला खिडक्या मोजत बसलो!"

"वैनी, तुमाला ठावं हुतं?" त्यानं भामाबाईला विचारलं, मग सोनबाकडे वळला.

"दादा, तू..."

सगळे एकदम बोलायला लागले. तेव्हा अक्काबाईनं काठी डोणीवर आपटली.

"भांडान मागनं करा. लोखंड आगीत हाय, त्ये तुमच्यासाटी थांबनार न्हाई. रामा, तू फोडलंस न्हवं? जा, त्या भोकात उभा ऱ्हा. पाट उनाकडं कर. भामे, ऊठ. भात्याला बस."

रामभाऊ निमूट निघाला. त्याच्या आईपुढं कारखान्यातला फोरमनही फिका होता. तो भगदाडात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरले, धोतराचा सोगा वर उरलेल्या फटीला लावला. ऊन तुटलं. साळीत काळोख परत आला, पुरता नाही, पण पुरेसा. विस्तवानं डोळे उघडले.

भामाबाईनं दोरी धरली. ओळखीची, घामानं काळी पडलेली दोरी. तिनं भाता ओढला आणि दोन वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. मोठ्यानं बोलली.

"काळं हाय अजून. ...गुंजेवर येतंय. कोपरा म्हागं हाय भावजी, जरा आत सारा. हां. शेंदूर. थांबा. थांबा..."

सोनबानं कोपरा आत सारला आणि सांडशी तशीच धरून ठेवली.

"पळस! घ्या!"

डोणीतलं पाणी किंचाळलं आणि वाफेनं सगळ्यांची तोंडं झाकली. वाफ विरली तेव्हा लियाकतभाईंनी कुऱ्हाड उचलून धारेवर कानस ओढली. कानस घसरली; धारेला पाणी बरोबर बसलं होतं. "लागली," ते हळूच म्हणाले. "बेस लागली." आणि मग, शहाणा माणूस असल्यामुळे, गाडी बघतो म्हणून बाहेर निघून गेले.

"हलू का आता?" भगदाडातून रामभाऊनं विचारलं.

"उभा ऱ्हा," अक्काबाई म्हणाली. "आता घरचं बोलनं हाय, रस्त्यावरनं दिसाया नगं."

मग बोलणं झालं. रतन पुढं आली ती भामाबाईसमोरच उभी राहिली. तिचा आवाज आता चढा नव्हता, आणि म्हणून जास्त लागणारा होता. "जाऊबाई, तुमी त्येंचं डोळं झालात. तुमचं उपकारच हायेत. पर डोळं बरं करावं आसं न्हाई वाटलं तुमाला? दोन वर्सं? बापईमानूस लाजून बोलत न्हाई, त्ये समजतं. तुमाला कसली लाज हुती?"

भामाबाईला उत्तर देता आलं असतं. दिराच्या डोळ्याची गोष्ट मी कशी काढू, असं म्हणता आलं असतं, आणि मामांनी मानही डोलावली असती. तिनं तसं म्हटलं नाही. "लाज न्हाई, भ्या हुतं," ती म्हणाली. "भाता गेला तर म्या हितं कोन, रतन? तू सांग. तुला नवरा हाय. म्या भात्याची हाय."

भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्यानं सरळ खरं सांगितलं की त्याची मोठी पंचाईत होते.

"वैनींवर बोल लावू नगं," सोनबा म्हणाला. तो अजून ऐरणीशीच बसला होता. "चोरी माजी. कुनी सांगितल्याबिगर रंग कळतो आसं दाखवाचा मला सोस. बापानं शिकवलं, लोहाराचं डोळं ग्येलं की लोहार ग्येला. म्हनलं, हितं काळोखात कुनाला दिसतंय?"

"दादा, डोळं ग्येल्यालं न्हाईत तुजं!" रामभाऊ भगदाडातून म्हणाला. त्याचे पसरलेले हात आता खरंच दुखत होते. "मोतीबिंदू हाय त्यो. आमच्या फोरमनच्या बाचा काढला. म्हातारा आता पेपर वाचतो, अन् शिव्या देतो सरकारला. पुण्याला चल माज्यासंगं. माजी मंडळी हाय तिथं, जेवनाखान्याची काळजी न्हाई."

"आता? फाळांचा हंगाम तोंडावर आलाय. सारी वाडी फाळ घेऊन दारात बसंल. पाऊस पडून ग्येला की जातो."

"बघा! बघा ह्येंचं!" रतन रडायलाच लागली.

मामा म्हणाले, "सोनबा, हंगाम दर साली येतो रं. डोळं न्हाई येत."

सोनबानं हातोड्याचा दांडा चाचपला. मग तो वळला. आईकडे नाही, बायकोकडे नाही, मामांकडेही नाही.

"वैनी, जाऊ का?"

भामाबाईला त्या प्रश्नाचा अर्थ पूर्ण कळला. तो जाईल, डोळे घेऊन येईल, आणि मग भाता थांबण्याची वाट बघायची त्याला गरज उरणार नाही. हे त्यालाही माहीत होतं. म्हणूनच तो विचारत होता. या घरात इतक्या वर्षांत तिला कुणी कशाची परवानगी मागितली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला पुरेसा काळोख आता नव्हता.

"जावा," ती म्हणाली. "उद्याच जावा. रतनलाबी घेऊन जावा."

"अन् फाळ?" मामांनी विचारलं.

भामाबाईनं पदरानं डोळे पुसले. "फाळाचं काय येवढं. दोन वर्सं रंग म्याच बघतीया. हातोडाबी काय म्या आज पयल्यांदा बघत न्हाई."

मामांच्या भुवया कपाळात गेल्या. बाईमाणूस ऐरणीपुढं बसणार, हे त्यांना जड गेलं, आणि त्यांनी आधारासाठी बहिणीकडे पाहिलं. अक्काबाई काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसली होती.

"माज्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "म्या फाळ ठोकलेत. चिमाजीमामंजी अंथरुनाला खिळलं हुतं तवा. कुनी इचारलं न्हाई, म्हनून कुनी सांगितलं न्हाई. वारा म्या देते. भामे, तू बस म्होरं."

"तुमच्यानं दोरी ओढवायची न्हाई, आत्याबाई," भामाबाई म्हणाली. "पंखा असू द्या. हलका हाय त्यो."

हे ऐकून भगदाडातला रामभाऊ खुलला. निदान पंखा तरी राहिला! त्यानं हात खाली घेतले, खांदे चोळले, उन्हाचा पट्टा पुन्हा थेट ऐरणीवर येऊन पडला. "मंग बसवू का चौकट? अंधार पडायच्या आत बसती बघा."

"चौकट उत्तरंला बसवा, दाराशेजारी. कानशीच्या कामाला उजेड पायजेच, तुमचं खरं हाय." भामाबाई ऐरणीपाशी गेली. सोनबा उठला आणि बाजूला झाला. ती वाकून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून, पश्चिमेकडे बघत. "पर ही भिंत आदी बुजवून द्या, भावजी. मला उजेडात रंग दिसत न्हाई."

रामभाऊनं सवयीनं थोरल्या भावाकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बघतोस?" सोनबा म्हणाला. "साळ त्येंच्याकडं हाय."

रामभाऊनं खाली पडलेला पहिला दगड उचलला आणि रतनला म्हणाला, माती कालवायला पाणी आणा.